ड्रमात काय होतं?

६ एप्रिल १९५९, सोमवार

आज तिसरं गिऱ्हाईक परत गेलं. ड्रम बैलगाडीतून उतरवलासुद्धा नाही. कारण तेच – मी विचारलं, "यात काय होतं?" एवढंच! पण दारूबंदीच्या दिवसांत हा प्रश्न पोलिसाने विचारायचा, वेल्डिंगवाल्याने नाही. त्यात समोरच्या हॉटेलात जमादार चहा पीत बसलेला. "पानी होतं, आन् काय असनार?" गाडीवाला म्हणाला आणि त्याने बैल वळवले.

गेला तर जाऊ दे. विचारणं सोडणार नाही. लढाईच्या वेळी जबलपूरच्या वर्कशॉपात हेच शिकलो. रॉकेल असो, पेट्रोल असो, दारू असो – तळाला ओंजळभर राहिली तरी तिची वाफ ड्रमात कोंडून असते. ठिणगी पडली की ड्रम फुटतो. एका शिपायाचा चेहरा गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून माझे दोन नियम. मालकाला विचारायचं. आणि तो काहीही म्हणो, फुटकी बाजू वर करून ड्रम पाण्याने भरायचा, मगच वेल्डिंगची कांडी लावायची.

७ एप्रिल

पाणी भरायचं काम गोपीचंदकडे. एका ड्रमाला विहिरीवरून चौदा खेपा. आमच्या मानोरा गावात एप्रिलात पाण्याचे हाल, विहिरीवर बायकांची रांग. त्या त्याला बोलतात – "मानसायले पानी नाही, आन् हा लोखंडाले पाजते!" तो ऐकून घेतो.

तीन वर्षं झाली त्याला माझ्याकडे. शेजारच्या तांड्यावरून पायी येतो. वेल्डिंगचं डिझेल इंजिन चालू करतो, अर्थिंगचा चिमटा नीट घासून लावतो, ओले हातमोजे मला घालू देत नाही. काम चोख. बोलणं जवळजवळ नाहीच. माणूस हाताचा चांगला, डोक्याचं आपण बघायचं.

१० एप्रिल

मोठं काम आलं! इंझोरीचे भगवंतराव स्वतः आले. त्यांची भाजीची वाडी या भागात सगळ्यांना ठाऊक. सांध्यात गळणारे दोन ड्रम गाडीत होते. ते झाले की वाडीतली पाण्याची लोखंडी टाकी, फाटक, पाइप – पावसाळ्यापर्यंत हाताला उसंत नाही. या कामासाठी मी वर्षभर त्यांच्या मागे होतो.

सवयीने विचारून गेलो, यात काय होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"उत्तमराव, तुमी हे मले इचारता?"

मागच्या महिन्यात दारूबंदीच्या सभेचे अध्यक्ष हेच! मेल्याहून मेल्यासारखं झालं. रीत म्हणून विचारलं, असं काहीतरी पुटपुटलो.

"पानी. भाजीवर शिंपाचं. झालं समाधान?"

ते गेल्यावर गोपीचंदला म्हणालो, हे भरायची गरज नाही. उद्या सकाळी आल्याआल्या उरकू.

"मिस्त्री, भरून घेऊ."

"ऐकलं नाहीस का ते काय म्हणाले?"

"ऐकलं. तरी भरू."

चांगला झापला. एवढ्या माणसाच्या शब्दावर हा शंका घेणार!

११ एप्रिल

लिहितानाही डोकं तापलेलं आहे.

सकाळी दुकानात येतो तर एक ड्रम काठोकाठ भरलेला. गोपीचंदचा सदरा ओला. उजाडायच्या आधीपासून खेपा घातल्या असणार. मी तोंड उघडणार तोच भगवंतराव दारात, सोबत गावातली दोन माणसं. त्यांनी ड्रममध्ये पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हनजे माह्या शब्दाची किंमत एवढीच."

कुठे बघावं कळेना. काच डोळ्यांवर ओढली आणि कामाला लागलो. दहा मिनिटांत सांधा भरला. गाडीत दुसरा माल होता, एकच ड्रम मावला. तो घेऊन गेले. जाताना म्हणाले, टाकीचं आणि फाटकाचं रिसोडच्या वेल्डिंगवाल्याला सांगतो.

वर्षभराची मेहनत चौदा बादल्यांत बुडाली. गोपीचंदला सांगितलं, माझं ऐकायचं नसेल तर उद्यापासून येऊ नको. त्याने हातमोजे इंजिनावर वाळत घातले, केबल गुंडाळून खुंटीला लावली, डिझेलची चावी बंद केली आणि गेला. एक शब्द बोलला असता तर मी कदाचित विरघळलो असतो.

१३ एप्रिल

इंजिन एकट्याने धड सुरू होत नाही.

१५ एप्रिल

आज घडलं ते लिहून ठेवतो.

ठरवलं होतं, दुसरा ड्रम नीट करून स्वतः इंझोरीला पोचवायचा, भगवंतरावांचे पाय धरायचे, काम परत मिळवायचं. पाणी कोण भरणार? आणि त्यांच्या ड्रमात भरायचं तरी कशाला! बूच काढलं, वास घेतला. फिनेलचा भपका आला.

तिथेच थांबलो. भाजीवर शिंपायच्या पाण्याला फिनेल? हा वास दुसरा कुठला वास मारायला घातला आहे?

ड्रम मागच्या मोकळ्या जागेत नेला. लांब बांबूला चिंधी बांधली, पेटवली आणि भिंतीआडून बुचापाशी धरली. वर्कशॉपात याला सक्त मनाई होती. केलं खरं.

धडाका झाला! ड्रमचं झाकण उडून दुकानाच्या पत्र्याच्या छपराची कड फाडून पलीकडे पडलं. मी वाकून सांधा भरत असतो तर ते कुठे बसलं असतं, याचा हिशोब करायची गरज नाही. आणि शनिवारी तसाच दुसरा ड्रम याच माझ्या हातांखाली होता.

जमादार धावत आला. "यात काय होतं?" म्हणाला.

मी म्हणालो, "पाणी."

ड्रम माझ्या आवारात, नाव माझं. भीती वाटली. बैल वळवून गेलेल्या त्या गिऱ्हाइकाची आठवण झाली.

१६ एप्रिल

तांड्यावर जाऊन आलो. गोपीचंद कालच निघून गेला, खानदेशाकडे रस्त्याच्या कामावर. दिवाळीशिवाय येणार नाही. त्याची बायको रामीबाई घरी होती. मी विचारलं, भगवंतरावांच्या ड्रमात काय होतं ते त्याला ठाऊक होतं का?

"होतं. मी त्यायच्याच वाडीत निंदाले जातो. वांग्याच्या वाफ्यात दारूचे दोन ड्रम पुरले होते, म्या पाह्यले. म्याच सांगतलं त्याले."

"मग त्याने मला का नाही सांगितलं?"

तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"सांगतलं असतं, मिस्त्री, तर तुमी कोनाचं खरं धरलं असतं?"

पाणी प्यालो आणि उठून आलो.