पिशवीसकट

१ जुलै, सकाळी ६.१०
आजपासून नवं आयुष्य. पालिकेच्या वृक्षसेवा योजनेत नाव लागलं. सहा महिने शहरभर झाडं लावायची, दरमहा मानधन, आणि डिसेंबरअखेर आमच्या तुकडीतल्या बारा जणांतून एकाला मुकादम म्हणून कायम करणार. तो एक कोण हे मला आजच माहीत आहे. बाकीच्या अकरांना कळेल हळूहळू.

बायकोला फोन केला. मार्चपासून माहेरी आहे. तिचं म्हणणं तेच. चार वर्षांत पाच नोकऱ्या सोडणाऱ्या माणसाबरोबर संसार होत नाही. एक नोकरी पक्की कर, दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येते. पाच हा आकडा चुकीचा आहे. बर्फाच्या कारखान्यातून मला काढलं होतं. बाकीच्या चार सोडल्या, त्याही सकारण. छापखान्यात शाईचा वास, दवाखान्याच्या काउंटरवर लोकांचा खोकला. देवानं मला नाक दिलंय, त्याला मी काय करू?

१ जुलै, संध्याकाळी
घाण. दुसरा शब्द नाही. खड्ड्यात शेणखत हातानं कालवायचं असतं हे जाहिरातीत कुठेही लिहिलं नव्हतं. हातमोजे मिळाले ते आधी कुणीतरी घातलेले, आतून ओले. पाण्याचा ग्लास बारा जणांत एक. दोनदा आंघोळ केली, तरी वास येतोय.

तुकडीत एक मावशी आहे. पन्नाशीची, आधी लोकांकडे धुणीभांडी करायची. रोपांशी बोलते. ज्या हातानं नाक पुसते त्याच हातानं रोप उचलते. डब्यातलं अर्धं मला देऊ केलं. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. मग दिवसभर सगळ्यांसमोर पोट कसं आहे विचारत राहिली.

४ जुलै
रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत येतं. पिशवी फाडायची, मातीचा गोळा दोन्ही हातांत धरायचा, अलगद खड्ड्यात ठेवायचा. तीन दिवस नुसते खड्डे झाले, आज पहिला गोळा धरला तर बोटांमधून गांडूळ बाहेर आलं. लांब, गुलाबी, गिळगिळीत. गोळा हातातून सुटून फुटला, रोप गेलं. मी ओरडलो नाही. लोक म्हणतात ओरडलो. लोकांना काय, जिभेला हाड नसतं.

५ जुलै
डोक्यात ट्यूब पेटली. पिशवी काढायचीच कशाला? पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं, बुटानं माती ओढली, बुटानंच दाबली. काम फत्ते. मुळांना संरक्षण, मातीचा कण सांडत नाही, गांडूळ आतल्या आत. प्लास्टिकचा कचरा रस्त्यावर पडत नाही, म्हणजे पर्यावरणही सांभाळलं. हे अजून कुणाला सुचलेलं नाही आणि मी सांगणार नाही. मुकादमकी वाटून घ्यायची नसते.

मावशी रिकाम्या पिशव्या गोळा करून रोपवाटिकेला परत देते. माझ्याकडे मागितल्या. कचऱ्यात टाकल्या म्हटलं. चांगल्या वस्तू वाया घालवल्या म्हणून हळहळत बसली.

१२ जुलै
आज माझी सव्वीस रोपं. मावशीची नऊ. साहेबांनी (उद्यान खात्याचे, पोट पुढे, फाईल मागे) सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्याआधी त्याच हाताच्या बोटानं ते कान कोरत होते. शर्ट धुवायला टाकला. आनंद मात्र झाला.

२० जुलै
साहेबांना योजना दिली. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी, पाटीवर लावणाऱ्याचा नंबर. वर्षअखेर कामचुकार आपोआप सापडतील. साहेब जाम खूश. लगेच ऑर्डर काढली. माझा नंबर सात. मावशी म्हणाली की झाड जगलं म्हणजे झालं, कुणी लावलं हे मिरवायचं कशाला. न शिकलेल्या माणसाला सिस्टिम कळत नाही.

निश्चय: उद्यापासून मावशीशी सौम्यपणे वागायचं. पुढे माझ्याच हाताखाली काम करायचंय तिला.

१७ ऑगस्ट
सहकुटुंब वृक्षारोपण. प्रत्येकानं घरच्यांना आणून एक झाड लावायचं. बायको आली. निळी साडी. पाच महिन्यांनी पाहिली. मला सुचेना काय बोलावं, म्हणून तिला रस्त्यावरच्या सात नंबरच्या पाट्या दाखवल्या. सगळ्या? असं तिनं विचारलं. सगळ्या, म्हटलं. हसली. खरंच हसली.

तेवढ्यात साहेब आले, त्यांच्याबरोबर फिरावं लागलं. परत येतो तर मावशीनं तिला पाण्याच्या टाकीशेजारी जुन्याच पद्धतीनं कामाला लावलेलं. पिशवी फाडून, उघड्या हातांनी. गोळ्यातून गांडूळ निघालं, ते बायकोनं दोन बोटांत धरून परत खड्ड्यात सोडलं. मी थांबवणार होतो, पण बारा कुटुंबांसमोर माझं गुपित फुटलं असतं. म्हटलं, एक झाड मेलं तर मेलं. पाटी सात नंबरचीच लावली.

निघताना माझ्या गालाला काहीतरी लागलं होतं, ते पुसायला तिनं हात पुढे केला. हात कोपरापर्यंत मातीचा. मी मागे सरकलो. तिनं हात मागे घेतला. बस आली, गेली. फार वाईट वाटलं. पण हात धुऊन पुसायला हवं होतं, हे माझं आजही मत आहे.

१४ सप्टेंबर
माझ्या रस्त्यावरची पानं पिवळी पडतायत. ऋतूचा परिणाम. मावशीच्या रस्त्यावर ऋतू उशिरा येत असावा.

३ ऑक्टोबर
कुत्री. सगळ्या रस्त्यावरची कुत्री माझ्याच झाडांवर पाय वर करतात. स्वतः पाहिलं. साहेबांना तीन पानी अर्ज दिला. त्यांनी तो फाईलला लावला.

निश्चय: रोज संध्याकाळी स्वतः पाणी घालायचं.

५ ऑक्टोबर
पाणी बंद. पाइपच्या तोंडाला तोंड लावून एक जण पाणी पिताना दिसला. तो पाइप आता मी हातात धरणं शक्य नाही.

२६ ऑक्टोबर
मावशी माझ्या झाडांना पाणी घालतेय असं कळलं. आपलं काम संपवून, कुणी न सांगता. आता कोडं सुटलं. हिनंच जास्त पाणी घालून माझी झाडं कुजवली. साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली की सुकलेली बघवेनात म्हणून घातलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

१० नोव्हेंबर
मुकादमाची शिट्टी विकत घेतली. उकळत्या पाण्यातून काढली, मग वाजवली. आवाज खणखणीत. बायकोला फोन करून सामान बांधायला सांगितलं. ती म्हणाली की आधी कागद हातात येऊ दे. सासूबाई मागून काहीतरी बोलल्या. ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आला.

८ डिसेंबर
मोजणी. माझ्याच योजनेप्रमाणे, माझ्याच पाट्यांवरून. सात नंबरची झाडं चारशे बारा. साहेबांनी पहिल्याचं खोड नुसतं धरलं तर झाड मुळा उपटावा तसं हातात आलं. खाली काळी पिशवी. आत मुळं गोल गोल गुंडाळलेली, सडक्या पाण्याचा वास. मी नाकाला रुमाल लावला. दुसरं उपटलं. पिशवी. तिसरं, पिशवी. दहाव्यानंतर त्यांनी उपटणं थांबवलं.

मुळांचं संरक्षण हा मुद्दा मांडला. पर्यावरणाचाही मांडला. कुणी हसेना, ते जास्त लागलं. मावशी म्हणाली की तरी मी म्हणते, याच्या रिकाम्या पिशव्या जातात कुठे. मग खाली बसून तिनं एका पिशवीला चीर पाडली आणि मुळं बोटांनी सोडवायला लागली. आता काय उपयोग, ते झाड केव्हाच गेलं होतं.

जिवंत एक. बाकीची मेलेली किंवा मरायला टेकलेली.

३१ डिसेंबर
मुकादम मावशी झाली. मला तीन महिन्यांची मुदतवाढ. काम: चारशे अकरा खड्डे उकरणं, पिशव्या बाहेर काढणं, नवी रोपं लावणं. राजीनामा लिहून तिच्यापुढे धरला. मॅडम म्हणावं की काय कळेना. तिनं कागद घेतला नाही. म्हणाली की मावशीच म्हण, आणि सोडायचंच असेल तर आपली घाण आपण काढून मग सोड. विचार करतो म्हटलं. कागद खिशात आहे.

बायकोला फोन केला. मुकादमकीचं बोललोच नाही. म्हटलं, माझं एक झाड जगलंय. तिनं विचारलं, कोणतं? पाण्याच्या टाकीशेजारचं, म्हटलं. ती म्हणाली की माहीत आहे, महिन्यातून एकदा मावशीला भेटायला येते तेव्हा बघते. मला कधी दिसली नाही. त्या रस्त्यावर वास येतो म्हणून मी तिकडून जात नसे.

३ जानेवारी
उकरकाम सुरू. टाकीशेजारच्या झाडाला नवी तीन पानं. मावशीनं त्यावरची सात नंबरची पाटी काढली. तो नंबर माझा आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली की लावणारीला फोन करून विचारलंय काय लिहू. नवी पाटी लावली. बायकोचं नाव, पुढे आडनाव.

माहेरचं.

मी जवळ जाऊन दोनदा वाचलं. पाटीवर मातीचा एक ठिपका होता, तो बोटानं पुसला.

उद्या सातला हजेरी. हातमोजे संपलेत म्हणे.