बिनआवाजाचं वाक्य

३ डिसें. १९५५
कालचा प्रयोग रंगला. नाटक माझं, मुख्य काम दिनकरचं, टाळ्याही त्याच्याच. निजामाच्या राज्यात मराठी नाटकाला परवानगी मिळायची मारामार म्हणून रडायचो. आता परवानगीचं नाही, तर रडायला दिनकर आहे. शाळेपासूनचा दोस्त, शहागंजात कापडाचं दुकान. पाठांतराच्या नावानं शंख. मी विंगेत उभा राहून नुसते ओठ हलवायचे, त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून ते वाचून बोलायचं, आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावायचे. घरी आल्यावर बायकोचं, कुसुमचंही तेच. "भाऊजी काय बोलले हो!"
बोलले म्हणे. लिहिलं कुणी?

८ डिसें.
छावणीतले फोटोवाले रशीदभाई आले होते. कुठूनसा जुना कॅमेरा मिळवलाय, सिनेमा काढणार. आवाज येत नाही त्यात. मुख्य काम मला! "मास्टरसाब, तुम्हारा चेहरा बोलता." दिनकरला विचारलेलं नाही ना, याची खात्री करून घेतली. जळू दे त्याला जरा.

११ डिसें.
दि.ला सांगितलं. जळायचं सोडून पठ्ठ्यानं पेढे वाटले. "आमचा मास्तर सिनेमात चाललाय!" माणसानं इतकं चांगलं असू नये. पेढा मात्र खाल्ला.

१९ डिसें.
शूटिंग, गारखेड्याच्या माळावर. भावानं जमीन लाटलेल्या माणसाचं काम. लिहिलेलं वाक्य नाही, त्यामुळे रागच येईना. रशीदभाई वैतागले, "कुछ भी बोलो ना साब, आवाज किधर आती इसमें?"
मग बोललो. कॅमेऱ्याकडं बघून, "दिन्या, माझ्या उष्ट्यावर मोठा झालास. तुझी वाचा बसू दे एकदा, मग बघतो कोण विचारतंय."
रशीदभाई खूश. मलाही हलकं वाटलं. फार हलकं.

२ जाने.
दि.च्या दुकानामागं सिनेमा दाखवला. पडद्याचं मांजरपाट त्याचंच. माझ्या रागाला टाळ्या! माझ्या, स्वतःच्या. कुसुमनं सगळ्यांसमोर हात धरला. दि. शेजारीच बसून टाळ्या वाजवत होता. मधेच थांबला. बघतो तर त्याचे ओठ पडद्यावरच्या माझ्या ओठांबरोबर हलताहेत.
इतकी वर्षं दुसरं काय करत आलाय तो? आणि मी गाढव...
उठून गेला नाही. शेवटपर्यंत बसला.

६ जाने.
दि. फिरकला नाही. दुकानावरून दोनदा गेलो, आत जायचा धीर होईना. रशीदभाई सिनेमा छावणीत पुन्हा दाखवणार. म्हटलं, तेवढा तुकडा कापा. "वहीच तो पिक्चर है साब! सोचके बोलो."
खरं आहे. मला मिळालेल्या टाळ्या तेवढ्याच.

१२ जाने.
दि. आला. कुसुम चहा ठेवायला आत गेल्यावर हळूच,
"उष्ट्यावर म्हनलास नं?"
"हो."
"लई वर्सांचं हाय का हे?"
मी मान खाली घातली. म्हटलं, कापायला सांगतो.
"नको. इतक्या वर्सांत तू माझ्याशी पैल्यांदा सोताचं बोललास. बाकी समदं तुझ्या पात्रांचं."
चहा न घेता गेला. पुढच्या प्रयोगाचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. उद्या सकाळी रशीदभाईंना सांगायचंय, कापायचं की ठेवायचं.
संध्याकाळपासून त्याचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. लाज वाटते, हे आहेच. पण इतकं चांगलं वाक्य मला आजवर सुचलेलं नाही. सुचलं तेही त्यालाच.