आईच्या खोलीतली नवी जमीन

शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. भाऊजींची पाठ आता कशी आहे? भाचीचं नव्या नोकरीत मन रमलं का? पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. आपलं शेवटचं बोलणं ज्या पद्धतीनं संपलं, त्यानंतर फोन हातात घ्यायचा धीर होत नाही. शिवाय फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस. कागद विचारत नाही.

आईचं पुढे लिहितो. आधी एक बातमी, ऐकून हसशील. आईच्या खोलीत मी नवी जमीन बसवली. लाकडासारखी दिसणारी, लॅमिनेटच्या पट्ट्यांची. मिस्त्री न बोलावता, स्वतःच्या हातानं. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी स्वतःचा अंगठा ठोकणारा तुझा भाऊ, त्यानं.

त्या खोलीतला गालिचा तुला आठवतच असेल, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवलेला. कडा उचकटून आल्या होत्या, त्यात आईचा पाय अडकायचा. आणि हल्ली बाथरूमपर्यंत जायचं तिला भान राहत नव्हतं. गालिचा तरी किती वेळा धुणार? घरी येणारी नर्स एक दिवस म्हणाली, "हा काढून टाका. नाहीतर आजींना घरी ठेवणं तुम्हाला जमणार नाही." ती भल्यासाठीच बोलली, पण मला त्यात तुझाच आवाज ऐकू आला. 'तिला एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू या' असं तू म्हणालीस, तेव्हा मी काय बोललो ते तुझ्या लक्षात आहे. माझ्या जिवात जीव आहे तोवर ती इथंच राहील, म्हणालो आणि फोन ठेवला. बोललो ते आता निभवायचं होतं.

दुकानदार म्हणाला, "काही अवघड नाही साहेब. एका पट्टीची कड दुसरीच्या खाचेत बसवायची, दाबली की खट्‌कन अडकते. खिळा नको, गोंद नको. लहान पोरगंही बसवेल." ते पोरगं मला अजून भेटायचं आहे.

गालिचा ओढून काढला तर खाली सिमेंटवर वाळलेला गोंद. तो खरवडता खरवडता माझे गुडघे सोलले. मग फोम अंथरला आणि पट्ट्या जोडायला बसलो. पहिली ओळ भिंतीला अगदी चिकटवून लावली. मला वाटलं, फट राहिली नाही म्हणजे काम सफाईदार झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर मधोमध जमीन उचललेली, म्हशीच्या पाठीसारखी. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "भिंतीपाशी बोटभर जागा सोडली ना? उकाड्यानं ती फुगते हो." हे त्यानं आधी सांगितलं असतं तर त्याची जीभ झिजली असती का? सगळं उचकटलं. काढताना निम्म्या पट्ट्यांच्या कडा तुटल्या. परत दुकान, परत खोके, परत श्रीगणेशा.

पण ताई, खरं सांगू का, ते दिवस चांगले गेले. गेल्या वर्षभरात तसे दिवस आले नव्हते.

आईला मी दारात खुर्चीवर बसवायचो, म्हणजे ती नजरेसमोर राहील. पहिल्या दिवशी ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो मिस्त्री, चहा घेणार का?"

मी म्हणालो, "आई, मी आहे."

"तेच विचारतेय. साखर किती?"

मग मी मिस्त्रीच झालो. मुलानं घास भरवला की ती तोंड फिरवायची. मिस्त्री म्हणाले, "आजी, तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही," की ताट पुसून जेवायची. भिंतीपाशी फट राखायला लाकडाच्या पाचरी असतात, त्या मी तिच्या ओटीत ठेवल्या होत्या. मागितली की एक काढून द्यायची, आणि द्यायच्या आधी पदराला पुसायची. तिला माझं काम पसंत नव्हतं. "तिरकं जातंय," म्हणायची, आणि खरंच तिरकं जात असायचं.

एकदा मी विचारलं, "तुमचा मुलगा कुठं असतो?"

"कामावर जातो. गुणाचा आहे." मग खाली वाकून, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "पण हातांत काही नाही हो त्याच्या. एक काम धड येईल तर शपथ. तुम्ही त्याला शिकवाल का?"

शिकवतो म्हणालो.

शेवटच्या ओळीच्या पट्ट्या उभ्या चिराव्या लागल्या, उंबऱ्याशी धातूची पट्टी ठोकली, पलंग परत लावला. पुसून काढल्यावर जमीन अशी चमकली की खिडकी तिच्यात उलटी दिसायला लागली. मला वाटलं, जिंकलो. तुला फोटो पाठवायचा विचारही मनात येऊन गेला.

आईचा हात धरून तिला आत आणायला गेलो, तर ती उंबऱ्याशी थांबली. खाली बघितलं आणि म्हणाली, "आत पाणी भरलंय."

मी आत जाऊन उभा राहिलो, पाय आपटून दाखवला. वाकून हात फिरवला आणि कोरडा तळवा तिच्यापुढे धरला. तिनं तो पदरानं पुसला. चादर अंथरली, तर म्हणाली, "चांगली चादर भिजवलीत." संध्याकाळ व्हायला आली तरी ती उभीच. तिचे पाय थरथरायला लागले. शेवटी मी तिला उचललं. किती हलकी झाली आहे ती, ताई. ती किंचाळली, माझ्या मानेला नखं लागली. पलंगावर ठेवली तशी पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात सरकली आणि हाका मारायला लागली. मला नाही, तिच्या मुलाला. मला म्हणाली, "तुम्ही जा. माझ्या मुलाला बोलवा, तो मला बाहेर काढेल."

नर्सला विचारलं तर ती म्हणाली, या आजारात असं होतं, चकचकीत जमीन पाण्यासारखी दिसते. तिला वाटलं मला माहीत असेल. मग मी साबणानं, राखेनं घासून चमक घालवायचा प्रयत्न केला. सतरंजी टाकली. सतरंजीच्या काठापर्यंत यायची आणि तिथून परत फिरायची. तिला दुसऱ्या खोलीत हलवलं तर तिथं कपाटालाच दार समजून ओढत बसायची, म्हणून परत आणलं. जुना गालिचा कधीच कचऱ्याच्या गाडीत गेला होता.

आता लिहितोच. इतका वेळ टाळलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. ती पलंगावरून निघाली. पाण्यात पाय पडू नये म्हणून तिनं खुर्चीपर्यंत उडी मारली असावी. मी धावत गेलो तेव्हा ती आडवी पडली होती आणि नेसलेलं पातळ गुडघ्यांच्या वर धरून ठेवलं होतं, भिजू नये म्हणून. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालणार नाही. घरी नेऊन तुम्ही एकटे काय करणार, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यांनीच सुचवलेल्या शुश्रूषागृहात ती आहे. जागा स्वच्छ आहे. तू म्हणाली होतीस तशीच.

तुला कळवलं नाही, कारण तू 'मी सांगत होते' म्हणशील असं वाटलं. आता म्हण. मी ऐकून घेईन.

ती आता बोलत नाही. मुलालाही बोलावत नाही. परवापासून छातीत कफ साठला आहे, चमच्यानं दिलेलं पाणीही ओघळून येतं. डॉक्टर फार वेळ थांबले नाहीत. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आणखी कुणी आहे का घरचं?"

आहे, म्हणालो.

ती तुला ओळखेल अशी आशा धरून येऊ नकोस. मलाही आता ती आशा नाही. तिथल्या बायका तिला कुशीवर वळवतात तेव्हा ती कुणाचा तरी हात शोधते. मी माझा देतो, पण ती दुसरा हातही उघडा ठेवते.

गाडी मिळेल ती पकड. उशीर झालाच तर फोन मी करीन, आणि त्या वेळी तू काहीही विचारू नकोस.

तुझा,
धाकटा