खिडकीला विचारायचं राहिलं

प्रिय ताई,

आमच्या ऑफिसातल्या नळानं मला वाळीत टाकलंय, ही बातमी आधी. हात खाली धरला की आपोआप पाणी येतं असले नवे नळ बसवलेत. हिशेबनिसाला पाणी येतं, पाहुण्यांना येतं, काल कोणाची तरी फाइल खाली घसरली तर फाइललाही आलं. मला येत नाही. साबणाचे दोन्ही हात पुढे करून मी आरोपीसारखा उभा, आणि नळ आपला भिंतीकडे बघतोय. तक्रार केली तर देखभालवाला म्हणाला की साहेब, त्याला तुमचा हात दिसत नाही, जरा नीट दाखवत चला. म्हणजे दोष हाताचा! पन्नाशीला टेकलेल्या माणसानं स्वतःचा हात कसा दाखवावा हे आता नळानं शिकवायचं. पुढचं पत्र हसण्यासारखं नाही, म्हणून आधी थोडं हसवून घेतोय. ही माझी खोड तुला नवी नाही.

सोमवारी तुझ्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. वाचनालयाचा प्रोग्राम मी लिहिलेला, त्यामुळे कुणाचं खातं उघडायचं, कुणाचं बंद करायचं ते मलाच सांगतात. शनिवारपासून देवघेवीच्या टेबलावरचं तुझं खातं बंद करा, म्हणाल्या. मला वाटलं, रजा घेतली असशील. त्या जरा अडखळल्या आणि म्हणाल्या की तुम्हाला घरातून कळलं असेल असं वाटलं मला. तू राजीनामा दिलास. कारण काय, तर दृष्टीमुळे काम जमत नाही. ताई, तुझी दृष्टी जाऊन कैक वर्षं झाली आणि त्यानंतर तू त्याच टेबलावर बसून, सभासद नुसता खोकला तरी त्याचा क्रमांक सांगत आलीस. डोळे काही या उन्हाळ्यात गेले नाहीत. या उन्हाळ्यात एकच गोष्ट गेली, माझा जुना प्रोग्राम. त्याच्या जागी नवा आला.

आता थोडं धंद्यातलं. यातलं बरंच तुला ठाऊक आहे, पण पहिल्यापासून मांडल्याशिवाय माझी बाजू किती पोकळ आहे हे मलाच दिसायचं नाही. आपला प्रोग्राम चालतो तो टर्मिनलमध्ये, म्हणजे ज्या काळ्या खिडकीत नुसती अक्षरं उमटतात तिच्यात. अशा खिडक्या बनवणारे ढिगानं आहेत. कुणाची रंग दाखवते, कुणाची चित्रंसुद्धा, आणि तुझी आलेली प्रत्येक ओळ कानात वाचून दाखवते. आपण कुणाच्या घरात आलोय आणि इथं काय चालतं, हे प्रोग्रामनं दारातच ओळखायचं असतं. नाव विचारून भागत नाही, कारण बहुतेक खिडक्या एकाच जुन्या नावाजलेल्या खिडकीचं नाव ठोकून देतात. ते नाव सांगितलं की कुणी अडवत नाही. म्हणून आमच्यातली जुनी रीत अशी की नावावर जायचं नाही, खिडकीलाच विचारायचं, बाई, तुला काय काय येतं? ती आकड्यांच्या खुणांनी उत्तर देते. नाही दिलं तर थोडं थांबायचं, आणि तरीही गप्प राहिली तर साधी अक्षरं पाठवायची. सभ्य माणसासारखं.

ते विचारणं जुन्या प्रोग्रामात होतं. नव्यात मी काढून टाकलं. तुमच्या वाचनालयाचं नेटवर्क रडत-रखडत चालतं. खिडकीचं उत्तर यायचं तोवर प्रोग्राम पुढे गेलेला असायचा, आणि ते उत्तर भलत्याच जागी, एखाद्या सभासदाच्या आडनावात कचऱ्यासारखं जाऊन पडायचं. जास्त वेळ वाट पाहायची, हा त्यावरचा सरळ उपाय. पण मग सुरू व्हायला वेळ लागतो आणि लोक म्हणतात, म्हातारा झाला आता. प्रोग्राम की मी, ते स्पष्ट करत नाहीत. मला ते झोंबलं. मी वाट पाहणं बंद केलं, मग विचारणंच बंद केलं. ओळखीचं नाव सांगेल तिला आत घ्यायचं, बाकीच्यांना बाहेरचा रस्ता. पहिल्याच दिवशी तू बाहेर.

तू फोन केलास तेव्हा मी जिन्यात होतो, मीटिंगला उशीर झालेला. सेटिंगमध्ये खिडकीचं नाव बदल आणि ते नावाजलेलं नाव टाक, असं मी पायऱ्या उतरता उतरता सांगून मोकळा झालो.

तू म्हणालीस, "पण माझी खिडकी ती नाहीये ना रे?"

मी म्हणालो, "ताई, सगळ्याच खोटं सांगतात. तूही सांग."

मंगळवारी तू जेवायला गेलेली असताना मी तुझ्या खुर्चीवर बसलो. बाईंना विचारून बसलो. तुझे हेडफोन लावले, डोळे मिटले आणि एक पुस्तक शोधलं. कानात यायला लागलं, आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ. संपेना. ती माझी देखणी चौकट होती, जिच्यावर मी एक अख्खा रविवार घालवला होता. मग 'एस्केप, चौकोनी कंस, एकतीस, एम', मग पुस्तकाचं नाव, मग पुन्हा कंस. उसन्या नावाला भुलून प्रोग्राम रंगाच्या खुणा पाठवत होता आणि तुझी खिडकी त्या जशाच्या तशा वाचत होती. एकतीस म्हणजे लाल. पूर्वी पुस्तक कुणासाठी ठेवलेलं असलं की नावापुढे 'राखीव' असा शब्द यायचा. मी तो शब्द काढला आणि नावच लाल केलं. सुटसुटीत दिसतं म्हणून. मोकळं पुस्तक हिरवं, म्हणजे बत्तीस. एवढ्या गलबल्यातून तो एक आकडा पकडायचा, समोर रांग उभी असताना, कुणीतरी चाव्या वाजवत असताना. तू ते आकडे पाठ केलेस आणि सगळा उन्हाळा काम रेटलंस. बहुतेक वेळा बरोबरही आलं. मी हेडफोन काढले तेव्हा माझ्या हातून एक पुस्तक चुकलं होतं, आणि समोर तर कुणी उभंही नव्हतं.

तुझ्या हातून चुकलेलं एक पुस्तक निवृत्त स्टेशनमास्तरांनी राखून ठेवलेलं होतं. ते दुसऱ्याला गेलं, आणि मास्तरांनी सगळ्यांदेखत ऐकवलं की आता इथं डोळस माणूस बसवा. हे मला बाईंनी सांगितलं. तू सांगितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझा राजीनामा बाईंच्या टेबलावर होता.

आणि तू का सांगावंस? मी विचारलं होतं की. प्रोग्राम बसवल्यावर तुझ्याकडे जेवायला आलो होतो, तेव्हा हात धुता धुता विचारलं, कसा वाटतो? तू ताटं पुसत होतीस. म्हणालीस, "छान दिसत असेल रे." ते मी ऑफिसात सांगत सुटलो, आमच्या ताईला आवडला म्हणून. ज्या बाईला दिसत नाही तिनं दिसण्याची तारीफ केली, आणि मला त्यात काही खटकलं नाही. मी तेवढ्यावर टॉवेल शोधायला लागलो. खिडकीच्या उत्तराला थांबलो नाही तेव्हा नेटवर्कवर ढकलता आलं. तुझ्या स्वयंपाकघरात कुठलं नेटवर्क आडवं आलं होतं, याचा या आठवड्यात बराच विचार केला. जगभरच्या चुका काढून चारचौघांना हसवण्यात माझा हात कुणी धरत नाही, हे तूच म्हणतेस. ही एक मला दिसली नाही, आणि तू माझी लाज राखायला तिच्यावर तुझ्या डोळ्यांचं पांघरूण घातलंस.

हे आजच लिहायचं कारण असं की शुक्रवारी तुझा राजीनामा समितीपुढे जातो. तोवर तो परत घेता येतो, मी बाईंना विचारून घेतलंय. प्रोग्राम कालपासून खिडकीला पुन्हा विचारतो आणि उत्तराला थांबतो. सुरू व्हायला वेळ लागेल, लोकांना जे म्हणायचं ते म्हणू देत. 'राखीव' हा शब्द परत आणलाय. रंगही आहे, पण शब्दाच्या सोबतीला. ते उसनं नाव सेटिंगमधून काढून टाक, तुझी खिडकी आता स्वतःच्या नावानं आत येईल. चुका टेबलाच्या नव्हत्या, माझ्या होत्या, असं बाईंना लेखी दिलंय, समितीत वाचून दाखवायला. तू दमली असशील आणि जायचंच असेल तर जा, मी खातं बंद करीन, पुढे एक शब्द बोलणार नाही. फक्त कारण तुझ्या डोळ्यांचं देऊ नकोस. आज सकाळी ते पुस्तक ज्यांच्याकडे गेलं होतं त्यांच्याकडून मागून आणलं आणि स्टेशनमास्तरांच्या घरी घेऊन गेलो. दार उघडून म्हणाले, ताईंनी पाठवलं का? नाही, म्हटलं, प्रोग्राम मी लिहिलाय, पुस्तक माझ्यामुळे चुकलं. त्यांनी चष्मा लावून पुस्तक उलटसुलट पाहिलं, मग मला पाहिलं, आणि परत कधी करायचं ते विचारलं. ते टेबलावर ताईंना विचारा, असं सांगून मी जिना उतरलो.

तुझाच,
धाकटा