आम्ही सगळे एकत्र आहोत

पास्तो, १६ नोव्हेंबर

प्रिय रुबिएला,

तू बरी असशील. मीही बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. तुझा पत्ता तुझ्या आईने दिला. रविवारी चर्चबाहेर भेटल्या, हातात तळलेल्या गरम एम्पानादांची पिशवी होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "इबागेला धाकटीकडे असते आता. नोकरी सोडली. काढलं नाही हां, तिनंच सोडली. का ते मला सांगत नाही. तुला सांगितलं तर मला कळव." मी हो म्हटलं. मग त्यांनी दोन एम्पानादा माझ्या हातात कोंबल्या आणि मी बारीक झालेय म्हणाल्या. ते काही खरं नाही.

ग्रंथालयाचं म्हणशील तर छप्पर यंदा गळलं नाही. गालेरास ज्वालामुखीने दोनदा राख टाकली, खिडक्या पुसून सगळे वैतागले. आपल्या वेळची कार्डांची कपाटं शेवटी कुलगुरूंच्या कार्यालयात गेली, शोभेसाठी. त्यातल्या एका खणात ते चॉकलेटं ठेवतात.

कराराचं तू वाचलंच असशील. तरी माझ्या बाजूने तो कसा दिसला ते सांगते, कारण गेली सहा वर्षं आपण कामाचंही बोललो नाही, बिनकामाचंही नाही. तू ग्रंथालय सोडून त्या प्रकाशन कंपनीत गेलीस त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तुझा निरोप आला होता. नंतरच्या वर्षीही आला. उत्तर दिलं नाही ते मीच.

डिसेंबरात जुना करार संपला आणि जानेवारीत तुमच्या कंपनीने आमची ऑनलाइन नियतकालिकं बंद केली. होणार ते माहीत होतं, आम्हीच तसं ठरवलं होतं: वाढीव किंमत कोणीही एकट्याने मान्य करायची नाही, सगळ्या विद्यापीठांसाठी एकच करार, छोट्या कॉलेजांनाही तेच मिळायला हवं जे बोगोतातल्या मोठ्यांना मिळतं, आणि आपली किंमत दुसऱ्याला सांगायची नाही हे कलम काढून टाकायचं. कागदावर छान वाटत होतं. कार्निव्हल संपला, प्राध्यापक परत आले, प्रत्येकाने आपला संगणक उघडला, आणि तिथे कुलूप. मी कँटीनमध्ये शिरले की लोकांची जेवणं भराभर उरकायची. बटाट्याच्या रोगांवर काम करणारे बेनाविदेस माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, तुमच्या तत्त्वांना बुरशी लागत नाही, माझ्या पिकाला लागते." मी त्यांना एकेक लेख लेखकांकडून मागवून देत होते. ब्राझीलमधल्या एका बाईने तर सोबत आपल्या बागेचे फोटो पाठवले. पण रोज असं किती जणांना पुरं पडणार? मेडिकलवाले सरळ कुलगुरूंकडे गेले.

मग मार्चमधली बोगोताची बैठक. ती तुलाही आठवत असेल. त्या हॉटेलच्या खोलीला एकही खिडकी नव्हती. टेबलाच्या एका बाजूला आम्ही, दाटीवाटीने, सगळ्या ग्रंथालयांच्या वतीने बोलणारे ओतालोरा सर मध्ये. दुसऱ्या बाजूला तुम्ही चौघं. तू केस कापले होतेस. तुझ्याकडे बघायचं नाही असं मी विमानातच ठरवलं होतं, म्हणून सारखी तुमच्या उंच साहेबांच्या टायकडे बघत होते.

ते फार आवाज चढवत नाहीत, नाही? शांतपणे ओतालोरा सरांना म्हणाले, "तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलताय?"

"सगळ्यांच्या."

"खात्री आहे? अडचणीत माणसं आपापलं बघतात, माझा तरी अनुभव असा आहे."

सर पाण्याचा ग्लास घ्यायला वाकले आणि मला राहवलं नाही. "पास्तोचं मी सांगते," मी म्हटलं. "आमचे कुलगुरू आमच्या पाठीशी उभे आहेत. इथल्या प्रत्येकाचं तसंच आहे. आम्ही सगळे एकत्र आहोत."

साहेब तुझ्याकडे वळले. "रुबिएला, तू यांच्यातलीच. खरं आहे हे?"

तू घाई केली नाहीस. म्हणालीस, "पास्तोच्या ग्रंथपालबाईंना मी ओळखते. खोटं बोलल्या की त्यांची मान लाल होते. आत्ता झालेली नाही."

सगळे हसले, दोन्ही बाजूंचे. साहेबसुद्धा. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, मग आम्हाला नव्याने विचार करावा लागेल. तिथून पुढे सगळं हललं हे मला आज कळतं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की तू मला चारचौघांत हास्यास्पद केलंस. लिफ्टपाशी तू हाक मारलीस. "एस्नेदा, पाच मिनिटं बसायचं का कुठे?" मी म्हटलं, "मी विक्रेत्यांबरोबर बसत नाही," आणि जिन्याने उतरले. नऊ मजले. गुडघ्याचं दुखणं तेव्हापासूनचं, हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

जूनमध्ये करार झाला. जवळजवळ सगळं मिळालं. किब्दोच्या त्या लहानशा कॉलेजातली मुलं आता तेच वाचतात जे बोगोतातली वाचतात, आणि कोण काय देतं हे कोणीही कोणाला विचारू शकतं. बेनाविदेस येऊन टेबलावर बटाट्यांची पिशवी ठेवून गेले.

आता पुढचं. हे लिहायचं म्हणून पत्र घेऊन बसले आणि कपाटं, गुडघा, बटाटे असं करत बसले आहे.

सप्टेंबरमध्ये कुलगुरूंनी छोटासा समारंभ केला. आमचे कुलगुरू म्हणजे डॉक्टर इन्सुआस्तीच, त्यांना तू ओळखतेस, दारू घातलेला गरम एर्विदो दोन पेले पोटात गेला की ते सगळ्यांचे मामा होतात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एस्नेदा, आता झालं गेलं म्हणून सांगतो. तुमच्या त्या मैत्रिणीला मी फोन केला होता."

"कुठल्या मैत्रिणीला?"

"कंपनीतल्या. तुम्ही बोगोताला जायच्या आधी. म्हटलं, आमच्या विद्यापीठापुरतं वेगळं जमवून द्या, गाजावाजा नको. अहो, मेडिकलवाले माझ्या डोक्यावर बसले होते!"

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'डॉक्टर, आधी तुमच्या ग्रंथपालांशी बोला. त्यांच्या सहीचं पत्र आलं की मी वर पाठवते.' तुम्हाला विचारायची कोणाची हिंमत! तुम्ही मला कच्चं खाल्लं असतं." आणि पोट धरून हसले.

मी पेला खाली ठेवला आणि घरी आले.

रुबिएला, म्हणजे त्या खोलीत मी छातीठोकपणे बोलत होते तेव्हा माझ्या पायाखाली काही नव्हतं, आणि ते तुला माहीत होतं. "पास्तो फुटलंय" एवढं म्हणाली असतीस तरी दुपारपर्यंत आमची पांगापांग झाली असती. तू माझ्या मानेचं बोललीस. तेही खोटं नव्हतं. माझा माझ्या शब्दावर विश्वास होता, म्हणून मान लाल झाली नाही.

गेल्या महिन्यात मेदेयीनला सगळ्या ग्रंथालयांची सभा झाली. ओतालोरा सर एकजुटीवर बोलले, टाळ्या झाल्या. मग मी उठले. म्हटलं, मार्चमध्ये मी जे बोलले ते खरं नव्हतं, मला माहीत नव्हतं इतकंच. आमच्या कुलगुरूंनी फोन केला होता, आणि समोर बसलेल्या बाईने ते कोणाला कळू दिलं नाही. तिचं नाव रुबिएला चावेस.

मला वाटलं, आता हे लोक पास्तोला वाळीत टाकणार. तेवढ्यात किब्दोच्या येसेनिया उठल्या. त्याच, ज्यांच्यासाठी आम्ही सगळे भांडत होतो. म्हणाल्या, "आमच्याही संचालकांनी केला होता. मला मे महिन्यात कळलं. लाजेने गप्प बसले." मग नेइवा. मग तुंखा, म्हणजे खुद्द ओतालोरा सरांचं विद्यापीठ. सरांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले. शेवटी बोगोतातलं एक मोठं विद्यापीठ, नाव लिहीत नाही. प्रत्येकाला तू तेच उत्तर दिलं होतंस: आधी तुमच्या ग्रंथपालांशी बोला. एकानेही बोलायची हिंमत केली नाही.

एवढ्या ठिकाणी फुटलेलो होतो आम्ही, आणि हे सगळं मिळून एकाच माणसाला माहीत होतं. तू आमच्यासमोर बसून वहीची पानं उलटत होतीस.

नेइवावाल्याने विचारलं, "पण ती पगार कंपनीचा घेत होती ना? हे योग्य झालं का?" त्यावर येसेनिया म्हणाल्या, "फोनवरचं बोलणं होतं, लेखी काही नव्हतं. तिने चुगली केली नाही, एवढंच." मला ते तितकं सोपं वाटत नाही. तुलाही वाटलं नसेल, नाहीतर तू करार झाल्यावर नोकरी सोडली नसतीस. कारण हेच होतं की दुसरं काही, मी विचारत नाही. तुझ्या आईला मात्र काहीतरी सांग, त्या चर्चमध्ये मला गाठतात.

आणखी एक. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकाशकाशी बोलणी आहेत आणि तुला आमच्या बाजूला बसवावं असं ओतालोरा सरांच्या मनात आहे. मी तुला लिहावं असा त्यांचा आग्रह आहे. मी त्यांना सांगितलं, तो निरोप तुम्हीच पाठवा, माझ्या पत्रात तो नको. म्हणजे तुझं उत्तर काहीही असलं तरी ते मला दिलेलं नसेल.

मी जानेवारीत इबागेला येतेय, तीन तारखेच्या बसने. कार्निव्हल यंदा माझ्याशिवाय होईल. धाकटीच्या घरी जागा नसेल तर बसस्थानकाजवळ खोली घेईन. तू भेटायला नको म्हणालीस तरी येणार आहे, बसून राहीन. मला विक्रेती, ग्रंथपाल, बेकार, कोणीही चालेल.

आमचा शब्द खोटा होता, तू तो खरा होऊ दिलास.

तुझी,
एस्नेदा