भादव्यातलं दुखणं

तीर्थस्वरूप मामंजी, पायाशी नमस्कार.

मी तुमच्या मनाविरुद्ध या घरात आले. पहिल्याच भादव्यात तुमचं ताट वाढलं, तर तुमी अर्ध्यावरनं उठून गोठ्यात गेला. माझ्या हातचं तुमाला चालत न्हाई, असंच मी समजले.

तुमी देवाघरी गेल्यापासनं दर पितृपंधरवड्यात ह्यांचा उजवा डोळा लाल होतो, पाणी गळतं, भिंतीवर डोकं आपटत्यात. दिवाळीपत्तोर सगळं थांबतं. भावकी म्हणाली, म्हातारा सुनंवर कोपलाय. म्हणून दरसाल तुमचं पान ठेवताना मी माफी मागत आले.

यंदा सांगलीच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, तवा कुठं हे निवांत झाले. डॉक्टर म्हणाले, "डोक्याचं हे दुखणं ऑक्सिजननं उतरतं, आणि पुष्कळांना ठरलेल्या मोसमातच येतं. घरात आणखी कुणाला होतं का?"

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "जयराजच्या वडलांना व्हायचं. गोठ्यात जाऊन खांबावर डोकं आपटायचे. नव्या सुनंला सांगू नगंस, पोर भिईल, म्हणून मला शपथ घातलेली."

मामंजी, परवा तुमची तिथी हाय. यंदा माफी मागणार न्हाई. पान वाढंन आणि एवढंच म्हणंन, आज दुखत नसंल तर पोटभर जेवा.

तुमची सून,
राजेश्वरी