एकेचाळीस नाणी आणि राजाचं नाक

३ जानेवारी
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बाबांच्या नजरेचं आता काही खरं नाही. फार तर तीन महिने. बाबांनी एकच मागितलं. त्यांची एकेचाळीस प्राचीन नाणी एकदा टीव्हीवर मोठ्ठी बघायची. राजाचा चेहरा असलेलं तांब्याचं नाणं, त्यांचा 'राजा', सगळ्यांत आधी. मी शब्द दिला. आठवड्याचं काम.

३ जानेवारी, संध्याकाळी ५
मोबाइलनं राजाचा फोटो काढून टीव्हीवर लावला. बाबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, नाक दिसतंय की रे, बास, असेच बाकीचे काढ. मला हसू आलं. कडा सगळ्या धूसर! डिलीट केला. मी काही हौशी नाही.

१२ जानेवारी
मॅक्रो लेन्स आली. इतक्या जवळून नाक शार्प आलं की कान धूसर होतो. म्हणून एका नाण्याचे साठ फोटो, दर वेळी फोकस केसभर पुढे, मग कॉम्प्युटरवर जोडायचे. उद्यापासून रोज दोन नाणी.

१३ जानेवारी
बत्तिसाव्या फोटोला ताईनं मिक्सर लावला. टेबल थरथरलं. सगळी मेहनत पाण्यात. काम संपेपर्यंत मिक्सर बंद, असं सांगितलं. तिनं विचारलं, म्हणजे कधीपर्यंत? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

२ फेब्रुवारी
झालेली नाणी: शून्य. पण सेटअप तयार आहे, आणि खरं काम तेच असतं. बाबा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवत होते. वेळेवर धरला. लाइट जरा डावीकडून हवा.

१९ फेब्रुवारी
ताई म्हणाली, मोबाइलचेच दाखव ना, त्यांना दिसतंय तोवर. तिच्याशी कोण डोकं लावणार. बाबांनी हल्ली पेपर मागणं बंद केलंय. मला वेळ मिळावा म्हणूनच असेल.

१० मार्च, सकाळी
दोष माझा नाहीच. राजाच्या तोंडावर हिरवट थर आहे, त्यात लाइट मरतो. बाबा जन्मभर बजावत आले, जुनं नाणं धुवायचं नाही. जुन्या माणसांचं असतं काहीतरी. व्हिनेगरमध्ये टाकलंय. मग टूथब्रश.

१० मार्च, दुपारी ३
लख्ख निघालं. नाकाच्या जागी सपाट. नाक त्या थरातच होतं, खालच्या तांब्यात उरलंच नव्हतं. लाइट बदलला की येईल.

२८ मार्च
फोटो झाला. साठच्या साठ जुळले. ब्रशचा एकेक ओरखडा मोजून घ्या.

बाबांना टीव्हीसमोर बसवलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले. ताईनं खांद्याला धरून वळवलं. त्यांनी राजा हातात मागितला. मी दिला. मग म्हणाले, काय दिसतंय ते तूच सांग.

मी म्हणालो, नाक दिसतंय, बाबा.

त्यांचा अंगठा नाण्यावरून फिरत होता. एका जागी थांबला. पुन्हा तिथेच फिरला. मग म्हणाले, हो, छान आलंय. बाकीची राहू देत आता, दमला असशील.

ताई उठून आत गेली. मला फार वाईट वाटतंय. खोटं बोललो म्हणून नाही. त्यांना कळलं म्हणून.

मगाचपासून मोबाइलमध्ये तो पहिला, धूसर फोटो शोधतोय. डिलीट केलेले फोटो तीस दिवस राहतात म्हणे. आज चौऱ्याऐंशी झाले.